भाड्याच्या घरातल्या स्लायडिंग खिडकीसाठी बिनभोकाचा व्हेंट : प्रकल्प नोंदी

जागा : ठाणे, घोडबंदर रोड, सातवा मजला, भाड्याचा १ बीएचके. बेडरूम ३.० × ३.६ मी., उंची २.८५ मी., म्हणजे साधारण ३१ घनमीटर हवा. पश्चिमेला एकच खिडकी, १.२ × १.२ मी., तपकिरी पावडर कोटिंगची तीन ट्रॅकची ॲल्युमिनियम स्लायडिंग. बाहेरच्या दोन ट्रॅकमध्ये काच, सर्वांत आतल्या ट्रॅकमध्ये जाळी. बाहेरून सोसायटीचं एकसारखं ग्रिल. झोपायला दोन माणसं, रात्री एसी.

६ एप्रिल २०२४

एसी चालू असताना बाहेरची हवा आत आणणारा व्हेंट, म्हणजे हवेची वाट, या खिडकीत बसवायचा आहे. अटी आधी लिहून घेतल्या. चौकटीला, काचेला, भिंतीला एकही भोक नाही. सिलिकॉन नाही, डिंकाची टेप नाही. बाहेरून इमारतीच्या दर्शनी बाजूत फरक दिसता कामा नये. घर सोडताना पंधरा-वीस मिनिटांत सगळं निघालं पाहिजे आणि मूळ खिडकी जशी होती तशी चालली पाहिजे.

टेपवर बंदी का, तर पश्चिमेच्या उन्हात दुहेरी टेपचा डिंक पावडर कोटिंगवर भाजून बसतो. थिनरने काढायला गेलं की कोटिंगची चमक जाते आणि डिपॉझिटमधून पैसे कापायला तेवढं निमित्त पुरतं. सिलिकॉन सुरीने खरवडलं तरी त्याचा तेलकट थर उरतो, त्यावर पुढे दुसरं काही धरत नाही.

कामाचं कारणही स्पष्ट असावं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि थंड करतो, बाहेरची हवा आत आणत नाही. खिडकी बंद, दार बंद, एसी चालू, अशा खोलीत ताजी हवा येते ती फक्त फटींतून. उष्ण-दमट हवामानात राहत्या खोलीची उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश असावी असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. इथे १०.८ चौ.मी.ला १.८ चौ.मी. लागेल. अख्खी खिडकीच १.४४ ची, आणि स्लायडिंग असल्यामुळे उघडते त्याच्या निम्मी. एसी लावला की तीही शून्य.

८ एप्रिल

मूळ स्थितीची मोजणी. एनडीआयआर सेन्सरचा (अवरक्त प्रकाशाने थेट तोच वायू मोजणारा) कार्बन डायऑक्साइड मीटर वापरला. स्वस्तातले बरेच मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे : शेजारी हाताला सॅनिटायझर चोळा. आकडा उसळला तर तो मीटर या कामाचा नाही. मीटर आधी ग्रिलजवळ मोकळ्या हवेत अर्धा तास ठेवला, ४३० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ४३०) स्थिरावला. मग पलंगाच्या उंचीवर, डोक्यापासून मीटरभर लांब ठेवला. उशीशेजारी ठेवला तर तो श्वासच मोजत बसतो.

रात्री ११ वाजता ६१०, सकाळी ६ वाजता २,६४०.

हिशोब जुळतो. झोपलेलं मोठं माणूस तासाला अंदाजे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, दोघांचे २४-२५ लिटर. तेवढ्यावर आकडा १,०००च्या आसपास रोखायचा तर तासाला ४० ते ४५ घनमीटर बाहेरची हवा हवी. फटींतून आत्ता मिळते ती ८-९. उरलेले ३५ आणायचे, हे या कामाचं लक्ष्य.

१३ एप्रिल

रचना ठरली. बाजारात पोर्टेबल एसीच्या नळीसाठी प्लास्टिकच्या सरकत्या पट्ट्या मिळतात. त्या आपल्याकडच्या ट्रॅकमध्ये खडखडतात, पांढऱ्या असल्यामुळे बाहेरून उठून दिसतात आणि पावसाचं पाणी थोपवत नाहीत. त्यापेक्षा स्थानिक फॅब्रिकेटरकडून त्याच सिरीजच्या सेक्शनमध्ये (ॲल्युमिनियमच्या तशाच पट्ट्यांत) एक अरुंद शटर, म्हणजे सरकतं पान, करून घ्यायचं. रुंदी २५० मिमी, काचेच्या जागी एसीपी शीट (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक). ते मधल्या ट्रॅकमध्ये उजव्या चौकटीला टेकून बसेल आणि त्या ट्रॅकचं काचेचं शटर त्याला येऊन भिडेल. रंग तोच, ब्रश (शटरच्या कडेची केसाळ पट्टी) तोच, बेअरिंग तेच. खालून बघणाऱ्याला खिडकीला एक उभी पट्टी जास्त आहे एवढंच दिसेल.

आणखी एक फायदा म्हणजे ४ मिमी काचेसाठी असलेल्या रबरात ४ मिमी एसीपी जशीच्या तशी बसते.

मापं घेताना ट्रॅकची खोली मोजून उंची काढू नये. चालू शटर उचलून बाहेर काढावं आणि त्याचीच उंची घ्यावी. इथे ११४० मिमी भरली. पण चौकट कधी काटकोनात नसते. वरच्या आणि खालच्या ट्रॅकमधलं अंतर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी मोजलं, तर उजव्या टोकाला मध्यापेक्षा ३ मिमी कमी निघालं. नवीन शटर कायम उजव्याच टोकाला राहणार, म्हणून उंची ११३७ सांगितली. हे ३ मिमी सोडले नसते तर शटर आत गेलं असतं, पण परत निघताना वरच्या ट्रॅकला घासून कोटिंग सोलवटलं असतं.

१४ एप्रिल

सामानाची यादी :

- अरुंद शटर २५० × ११३७ मिमी, जुन्याच सिरीजचं, दोन्ही उभे हँडल सेक्शन (इंटरलॉक, म्हणजे दोन शटरं एकमेकांत अडकवणारी कड, नको), तपकिरी : १
- एसीपी ४ मिमी, तपकिरी, १८६ मिमी रुंद (उभ्या सेक्शनमधून दिसणारी १७० + दोन्हीकडे रबरात ८-८) : १
- ॲल्युमिनियम लूव्हर (तिरक्या पात्यांचं) ग्रिल १५० × १५० मिमी, ४५ अंशांची पाती : २
- स्टेनलेस स्टीलची मच्छरजाळी, १७० × १७० मिमी : २ तुकडे
- १२० मिमीचा १२ व्होल्ट डीसी पंखा (कॉम्प्युटरच्या केबिनेटचा), रबरी पिना ४
- १२ व्होल्ट १ अँपिअर ॲडॅप्टर आणि व्होल्टेज कमी-जास्त करणारा छोटा रेग्युलेटर
- धुता येणारा फोमचा प्री-फिल्टर, १० मिमी जाड
- बॅकर रॉड २० मिमी, सव्वा मीटर (बांधकामाच्या सांध्यांत भरतात ती फोमची गोल दोरी)
- ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं) रबर पट्टी ११४० मिमी
- १२ मिमी चौरस ॲल्युमिनियम पाइप, अडसरासाठी

२० एप्रिल

पॅनेल तयार. एसीपीत दोन गोल भोकं, व्यास ११५ मिमी, दोन्ही केंद्रांमध्ये ८५० मिमी अंतर. होल सॉ (गोल भोक कापणारी ड्रिलची करवत) मंद गतीवर चालवायचा आणि एका बाजूने अर्धं, मग उलटून दुसऱ्या बाजूने अर्धं कापायचं. एका दमात आरपार गेलं तर मागचा पत्रा फाटून वर येतो आणि मधलं प्लास्टिक वितळून दातांत अडकतं. कापलेल्या कडेवरची फिल्म शेवटपर्यंत ठेवायची.

क्रम बाहेरून आत असा : लूव्हर, जाळी, एसीपी, पंखा, फिल्टर. जाळी लूव्हरच्या लगेच मागे आहे, म्हणजे पंख्यात किडे जात नाहीत. लूव्हरचे स्क्रू आपल्या एसीपीत जातात, घरमालकाच्या ॲल्युमिनियममध्ये नाही. लूव्हरच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉनची बारीक रेघ. इथे ते चालतं, कारण पॅनेल आपलं आहे. खालची कड उघडी ठेवली, आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडायला.

पंखा वरच्या भोकावर, हवा आत ढकलणारा. वर असण्याची दोन कारणं आहेत. दमट, गरम हवा थेट पलंगावर पडत नाही, आणि एसी हवा वरूनच ओढतो, त्यामुळे बाहेरची हवा आधी त्याच्या कॉइलवरून जाते. खालचं भोक पंख्याविना, त्याला आतून एसीपीचं झाकण.

२१ एप्रिल

बसवलं. नेहमीच्या शटरसारखंच : वर ढकला, खालची बाजू आत घ्या, रेलवर सोडा. रिकाम्या वरच्या खाचेत प्लास्टिकची पट्टी सारली, म्हणजे ते बाहेरून उचलून काढता येणार नाही. ग्रिल असलं तरी हे वगळू नये.

मग या पद्धतीचं खरं दुखणं समोर आलं. काचेचं शटर २५० मिमी डावीकडे थांबल्यावर दोन शटरांचे इंटरलॉक एकमेकांत अडकत नाहीत. आतल्या शटरची उभी पट्टी डाव्या काचेच्या मधोमध येते आणि दोघांमध्ये १६ मिमीची उभी फट वरपासून खालपर्यंत राहते. ११४ सेंटिमीटर गुणिले १.६, म्हणजे १८० चौ.सेंमी. आपल्या व्हेंटपेक्षा मोठं भोक! डास तिथूनच येतात, आणि व्हेंट बसवूनही खोली डासांनी भरली अशी तक्रार ऐकू आली की पहिला संशय या फटीवरच घ्यावा.

उपाय बॅकर रॉडचा. २० मिमीची दोरी १६ मिमीच्या फटीत बोटाने दाबत वरून खाली बसवली. ताणायची नाही. ताणून बसवली तर रात्रीतून आखडते आणि खाली दोन बोटं उघडी पडतात. उलट सेंटीमीटरभर जास्तच ठेवावी. वर-खाली ट्रॅकच्या कोपऱ्यात नखाएवढी भोकं उरतात, तिथे शटरच्या ब्रशचे तुकडे दुमडून कोंबले. दोन शटरं भिडतात तिथे ईपीडीएम पट्टी, दाबावर.

शटरचं मूळ लॉक आता चौकटीपर्यंत पोचत नाही. काचेच्या शटरच्या डाव्या कडेपासून चौकटीपर्यंत त्याच ट्रॅकमध्ये चौरस पाइपचा नेमक्या लांबीचा तुकडा आडवा टाकला. शटर बाहेरून सरकत नाही. पाइप आतून हाताने निघतो, आगीच्या वेळी ते महत्त्वाचं.

२३ एप्रिल

पंखा बंद, दोन्ही भोकं उघडी, एसी २६ वर. सकाळी ६ वाजता २,२१०. फरक पडला, पण तुटपुंजा.

तापमानातल्या फरकाने मिळणारा दाब दर मीटर उंचीला, दर अंशाला साधारण ०.०४ पास्कल असतो. इथे उंची ०.८५ मी., आत-बाहेर फरक ३ अंश, म्हणजे एकूण ०.१ पास्कल. जाळी आणि पात्यांमधून हवेला मोकळी वाट प्रत्येकी जेमतेम ६० चौ.सेंमी. एवढ्यावर तासाला ४ घनमीटर हवा येते. दुपारी खाडीकडून वारा असतो तेव्हा हीच भोकं भरपूर काम करतात, पण रात्री वारा पडतो आणि गरज नेमकी तेव्हाच असते. नुसती जाळीची पट्टी लावून काम झालं असं कोणी सांगत असेल, तर त्याने वाऱ्याच्या वेळी मोजलं आहे.

२७ एप्रिल

पंखा जोडला. डब्यावर लिहिलेला प्रवाह मोकळ्या हवेतला असतो, पॅनेलमध्ये तो मिळत नाही. मोजायला १२० लिटरची कचऱ्याची पिशवी वापरली : तोंडाला पुठ्ठ्याची चौकट, पिशवी पूर्ण चपटी करून पंख्यावर धरायची आणि फुगून ताठ होईपर्यंतचे सेकंद मोजायचे.

टेबलावर मोकळा पंखा : ५ सेकंद, म्हणजे तासाला ८६ घनमीटर. लूव्हर आणि जाळीसकट ७ सेकंद, ६२ घनमीटर. फिल्टरही लावला की ९ सेकंद, ४८. इथवर ठीक. मग बेडरूमचं दार लावलं आणि तीच पिशवी फुगायला १३ सेकंद लागले. ३३ घनमीटर.

२८ एप्रिल

कालच्या शेवटच्या आकड्यातच या कामाचं मर्म आहे. जितकी हवा आत येते तितकीच बाहेर गेली पाहिजे. दाराखाली फट ६ मिमी, दार ७५० मिमी रुंद, म्हणजे ४५ चौ.सेंमी. खिडकीच्या फटी आपणच काल-परवा बुजवल्या. हवेला बाहेर पडायला जागाच नाही, खोलीत दाब चढतो आणि असा छोटा पंखा दाबापुढे लगेच दमतो. अशा वेळी लोक मोठा पंखा आणतात. त्याने आवाज वाढतो, हवा फारशी वाढत नाही.

दार खालून तासणं अटीत बसत नाही. पर्याय दोन पडताळले. एक, दार १५ मिमी उघडं राहील असा रबरी अडका. दोन मीटर उंचीवर ३०० चौ.सेंमी. वाट मिळते, पण एसीची थंड हवा हॉलमध्ये जाते आणि एकांतही जातो. दुसरा, बेडरूमला लागून असलेल्या बाथरूमचं दार किलकिलं ठेवून तिथल्या काचपट्ट्यांच्या झरोक्यातून हवा डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेत) जाऊ देणं. दुसरा घेतला. बेडरूममध्ये दाब जास्त असल्यामुळे हवा बाथरूमकडेच वाहते, ओल आणि वास उलटे येत नाहीत. वर बाथरूम सकाळपर्यंत कोरडं होतं. पिशवी पुन्हा ९ सेकंदांवर आली.

पडताळायला उदबत्ती पुरते. दाराच्या फटीशी धरली की धूर बाथरूमच्या आत वाकला पाहिजे. बेडरूमकडे वाकला तर डक्टमधून उलटा वारा येतोय, त्या रात्री झरोक्याच्या पट्ट्या निम्म्या मिटवायच्या.

पंखा उलटा लावून हवा बाहेर फेकली तर चालेल का? इथे नाही. खोलीत दाब कमी झाला की हवा सर्वांत सोप्या वाटेने येते, आणि ती वाट बाथरूमची असते. नहाणी ट्रॅपमधलं (ड्रेनेजचा वास अडवणारं) पाणी सुकलेलं असेल तर थेट ड्रेनेजचा वास. त्याहून गंभीर म्हणजे गॅस गिझर. घरात कुठेही उघड्या ज्योतीचा गॅस गिझर असेल तर हवा बाहेर ओढणारा पंखा बंद घरात लावू नये. ज्वलनाचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. या घरात गिझर विजेचा आहे. तरीही ही नोंद ठळक ठेवतो.

पंखा चालू असताना खालचं भोक झाकणाने बंद. उघडं ठेवलं तर वरून आलेली हवा खोलीत न फिरता ८५ सेंटिमीटरवरून परत बाहेर जाते.

२९ एप्रिल

सकाळी ६ : ९४०. पंखा ४८ घनमीटरवर, बाथरूमचं दार किलकिलं, एसी २६.

५ मे

एसीवरचा बोजा. बाहेर २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता, आत २६ आणि ५५ टक्के धरले तर तासाला ४५ घनमीटर हवेबरोबर जवळपास अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. ते काढायला आणि हवा गार करायला मिळून ४०० वॅटच्या आसपास थंडावा लागतो, त्यातला मोठा वाटा पाण्याचाच. एक टनाच्या एसीची क्षमता ३,५०० वॅट, म्हणजे नववा हिस्सा. विजेत रात्रीचं पाऊण ते एक युनिट. एसीच्या ड्रेन पाइपमधून जास्त पाणी पडतंय म्हणून बिघाड समजू नये.

आवाज : पूर्ण १२ व्होल्टवर घोंगावणं ऐकू येतं. रेग्युलेटर ९ व्होल्टवर आणला तर आवाज एसीखाली दबतो आणि पिशवी ११ सेकंदांत भरते, तासाला ३९ घनमीटर. दोघांसाठी तडजोड मान्य. पाहुणा झोपायला असेल तर १२. पंख्याला स्क्रूऐवजी रबरी पिना हव्यातच, नाहीतर एसीपीचा पत्रा ढोलकीसारखा घुमतो.

पडदा उजव्या टोकापासून ३० सेंटिमीटर अलीकडे थांबवला. जाड पडदा पंख्यावर आला की तो पंख्याचंच झाकण होतो.

१८ मे

पावसाआधीची तयारी. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं असतात. इमारतीच्या कामातलं सिमेंट आणि नंतरची धूळ बसून ती बहुतेक घरांत बुजलेली असतात. इथे दोन्ही बंद होती. ३ मिमीच्या तारेने मोकळी केली, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का ते पाहिलं.

लूव्हरवर स्प्रेने पाणी मारलं. पंखा बंद असताना आत थेंब नाही. ९ व्होल्टवर जाळी ओली झाली, फिल्टर कोरडा. १२ व्होल्टवर बारीक तुषार फिल्टरपर्यंत पोचले. कारण सरळ आहे : लूव्हरच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला मीटरभर होतो आणि भुरभुर पावसाचे थेंब जवळपास त्याच वेगाने पडतात, ते हवेबरोबर वळतात. मोठ्या सरीचे जड थेंब उलट पात्यांवर आपटून खाली जातात. म्हणजे धोका मुसळधारेत कमी आणि वाऱ्यासोबतच्या भुरभुरीत जास्त. जाळी आणि पंख्याच्या मध्ये एसीपीची ४० मिमी उंच आडवी पट्टी खालच्या अर्ध्यात उभी केली. जाळीवरून ओघळणारं पाणी तिला अडून उघड्या ठेवलेल्या खालच्या कडेने बाहेर जातं.

१० जून

काल मुंबईत मान्सून दाखल झाला. रात्री पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस. ट्रॅकमध्ये पाणी होतं, आत नाही. फिल्टरची खालची कड दमट. ठरलं : पश्चिमेचा पाऊस असताना ९ व्होल्टच्या वर जायचं नाही, वादळी वाऱ्यात पंखा बंद करून वरच्या भोकावरही झाकण. ॲडॅप्टर आणि रेग्युलेटर खिडकीच्या पातळीच्या वर, पडद्याच्या दांडीच्या टोकाला लटकवले. वायर पंख्यापासून आधी खाली झुकून मग वर जाते, म्हणजे थेंब आलाच तर वळणावरून खाली पडेल.

६ जुलै

पिशवीला ९ व्होल्टवर १६ सेकंद. फिल्टर काळा, जाळीच्या भोकांवर धुळीची साय. दोन्ही धुतल्यावर पुन्हा ११. घोडबंदरची धूळ पाहता फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा लागेल, जाळी महिन्याला मऊ ब्रशने. हा फिल्टर मोठी धूळ आणि कापूस थांबवतो, धुरातले सूक्ष्म कण नाही. हेपा (सूक्ष्म कण अडवणारा दाट फिल्टर) लावावा असं वाटेल, पण या पंख्याच्या दाबात त्यातून हवाच येणार नाही. धुरकट रात्री व्हेंट बंद ठेवून खोलीत वेगळा एअर प्युरिफायर लावणं बरं.

खालच्या, बहुतेक बंद असणाऱ्या लूव्हरच्या पात्यांत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं सापडलं. वापरात नसलेल्या भोकांची तिला आवड असते. महिन्याच्या सफाईत खालचा लूव्हरही धरावा.

२० जुलै

घरमालकांसमोर काढून दाखवलं. क्रम असा : अडसराचा पाइप काढा, बॅकर रॉड वरून खाली ओढा, काचेचं शटर डावीकडे न्या, वरच्या खाचेतली पट्टी काढा, अरुंद शटर वर उचलून खालून आत घ्या. ब्रशचे तुकडे चिमट्याने. मग काचेचं शटर उजव्या चौकटीपर्यंत सरकवून मूळ लॉक लावून पाहायचं. लॉक लागलं, ट्रॅकवर ओरखडा नाही. पॅनेल परत बसवलं. बॅकर रॉड मात्र काढल्यावर पुन्हा तितकी घट्ट बसत नाही, दर वेळी नवी घ्यावी.